अक्काची जीप फाटकाबाहेर

अक्काने एक वर्षाची मुदत दिली होती, आणि ते वर्ष छोट्याने कसं घालवलं हे त्याच्या नखांकडे बघून कुणीही सांगितलं असतं. आता छोट्या म्हटल्यावर कुणी पोरसवदा माणूस डोळ्यांपुढे आणू नये. छोट्या बासष्ट वर्षांचा होता, डोक्यावर केस नावापुरते, आणि चाळीस वर्षं रबरी शिक्के कोरून निवृत्त झालेला. पण अक्का त्याच्याहून बारा वर्षांनी मोठी. तिच्या लेखी तो छोट्या, म्हणून सगळ्या गल्लीच्या लेखीही तो छोट्याच.

अक्का गुरांची डॉक्टर. लग्न केलं नाही, कुणी विचारलं तर म्हणायची, "वेळ कुठे होता?" आणि ते खरंच होतं. कुठे गाय अडली, कुठे म्हशीचं पोट फुगलं की ही बाई आपली पिशवी मागच्या सीटवर टाकायची आणि निघायची. तिची जीप चारही चाकांना जोर देणारी. अक्काने घेतली तेव्हाच ती म्हातारी होती, आणि त्यानंतर आणखी चाळीस वर्षं ती चिखलातून, ओढ्यातून, दगडधोंड्यांतून खडखडत राहिली. दोघींचा स्वभावही सारखाच. सकाळी तापायला वेळ लागायचा, आणि एकदा तापल्या की कुणाच्या बापाला ऐकायच्या नाहीत.

मग अक्काच्या डाव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. चालता येऊ लागलं, पण क्लच दाबण्याइतका जोर काही त्या पायात परत आला नाही. जीप घराशेजारच्या अंगणात फाटकाकडे तोंड करून उभी राहिली ती राहिलीच. उंदरांनी सीटमध्ये संसार थाटला. अक्का खिडकीशी बसू लागली. आधी तिचं बोलणं कमी झालं, मग भांडणंही कमी झाली, आणि छोट्याचा जीव खरा घाबरला तो भांडणं कमी झाल्यावर. ज्या बहिणीने त्याला लहानाचं मोठं केलं, ज्या बहिणीने त्याला आयुष्यभर फैलावर घेतलं, ती आता "तुला हवं ते कर" म्हणायला लागली होती.

एका शनिवारी ती म्हणाली, "भंगारवाल्याला बोलाव. मला ती रोज समोर बघवत नाही."

"अक्का, मी दुरुस्त करतो तिला."

"तू? तुला साधी गाडी चालवता येत नाही!"

"चालवायची कुणी म्हणतंय? दुरुस्त करतो म्हटलं."

अक्का खिडकीकडून त्याच्याकडे वळली. "एक वर्ष देते. पुढच्या वर्षी याच शनिवारी भंगारवाला येईल. त्याच्या देखत गाडी स्वतःच्या इंजिनावर फाटकाबाहेर गेली तर राहील. ढकलायची नाही, ओढायची नाही. नाही गेली तर त्याची. कबूल?"

छोट्याने कबूल केलं आणि मग आत जाऊन बायकोला सांगितलं. उलट क्रमाने सांगायला हवं होतं, पण ते त्याला जन्मात जमलं नाही.

बायको जन्मभर ताडपत्र्या शिवायच्या कारखान्यात होती. तिची बोटं पकडीसारखी मजबूत, आणि त्या घरात गाडी चालवता येणारी अक्कानंतरची ती एकटीच. आधी तिने कपाळाला हात लावला. मग दुसऱ्या दिवशी पहाटेच साडीचा पदर खोचून जीपखाली शिरली. पुढे वर्षभर त्या घरात स्वयंपाकघर कुठे संपतं आणि गॅरेज कुठे सुरू होतं ते कळेनासं झालं. कार्बोरेटर डाळीच्या पातेल्यात रॉकेल घालून भिजला. ते पातेलं पुन्हा चुलीवर चढलं नाही, हे बरंच झालं. ब्रेकचे भाग पलंगाखाली गेले. जेवताना "जरा मीठ द्या" म्हटलं की हातात नटबोल्टांची बरणी यायची.

गाडी खोलताना बायको म्हणाली होती, "अहो, मोबाइलवर फोटो काढून ठेवा. जोडताना कामाला येतील."

"फोटोत आतलं काही कळत नाही. मी चित्रं काढतो," छोट्या म्हणाला. आणि काढली. खरंच सुंदर काढली. दोन जाड वह्या भरल्या. प्रत्येक भागाला नंबर, प्रत्येक बोल्टचं माप, दातेरी चक्राचा दात न् दात. एवढा हात असलेला माणूस चाळीस वर्षं पोचपावत्यांचे शिक्के कोरत बसला याचं बायकोला दरवेळी नव्याने वाईट वाटायचं.

आठ महिन्यांनी जोडाजोड सुरू झाली. इंजिनाने पहिल्यांदा आवाज केला तेव्हा शेजारची दोन कुत्री पळून गेली आणि छोट्या अंगणात नाचला. मागची चाकं जॅकवर उचलून गाडी गियरमध्ये टाकली, चाकं फिरली, नवरा-बायकोंनी टाळ्या वाजवल्या. खिडकीतून अक्का बघत होती. तिने चहाचा कप हातातच धरून ठेवला आणि चहा गार झाला, हे छोट्याने पाहून ठेवलं होतं.

आणि शनिवार उजाडला.

भंगारवाला सकाळी दहाला टेम्पो घेऊन हजर. भला माणूस, फाटक सताड उघडून बाजूला उभा राहिला आणि म्हणाला, "चालू द्या तुमचं. मला घाई नाही." अक्का खिडकीशी. जीपला नवा हिरवा रंग, बायकोने शिवलेला ताडपत्रीचा टप, आणि पुढे फाटकापर्यंत पंधरा पावलांचं अंतर. बायको स्टिअरिंगवर बसली. छोट्या शेजारी बसला.

इंजिन पहिल्या झटक्यात सुरू झालं. बायकोने क्लच दाबला, पहिला गियर टाकला, देवाचं नाव घेतलं आणि क्लच सोडला.

जीप मागे गेली.

थोडीथोडकी नाही, चांगली जोरात. बायकोने घाबरून ब्रेकऐवजी ॲक्सिलरेटर दाबला. वाळत घातलेल्या चादरी टपावरून पुढे काचेवर आल्या, दोरी तटकन तुटली, आणि जीप पाण्याच्या पिंपाला धडकून थांबली. पिंप कलंडलं. अंगणभर पाणी झालं. चादरीखालून बायकोचा आवाज आला, "अहो, मी पहिलाच टाकला होता! शपथ!"

छोट्याने चादर बाजूला केली. फाटक आता पंधराऐवजी तीस पावलांवर होतं. एक वर्ष, दोन वह्या, सगळ्या नखांची काळी किनार, आणि गाडी निघाली ती घराच्या दिशेने! भंगारवाल्याने टोपी काढून डोकं खाजवलं. त्याला खरंच वाईट वाटत होतं.

तेवढ्यात खिडकीतून एक आवाज आला. आधी छोट्याला वाटलं अक्काला ठसका लागला. मग कळलं की ती हसते आहे. दोन वर्षांत न हसलेली अक्का खिडकीचे गज धरून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसत होती. हसतहसतच ती पायऱ्या उतरून, पाण्यातून चपला फटफट वाजवत जीपपाशी आली.

"मागच्या ॲक्सलमधला क्राउन कुणी बसवला?" तिने विचारलं. क्राउन म्हणजे आतलं ते मोठं दातेरी चक्र, इंजिनाचा जोर चाकांना देणारं.

"मी," छोट्या म्हणाला. "चित्र बघून."

"वही आण."

वही आली. अक्काने चित्र पाहिलं, मग जीपखाली वाकून पाहिलं, मग छोट्याकडे पाहिलं. "चक्र उजवीकडचं डावीकडे बसलंय. म्हणून चाकं उलटी फिरतात. जॅकवर फिरली तेव्हा कुठल्या बाजूला ते कुणीच बघितलं नाही, मीसुद्धा नाही. अरे शहाण्या, तू चित्रही शिक्क्यासारखं उलटं काढलंस!"

छोट्याने वही उघडून पानं उलटली. खरंच होतं. शिक्का कागदावर सरळ उमटावा म्हणून रबरावर उलटा कोरावा लागतो. चाळीस वर्षांच्या सवयीने त्याच्या हाताने अख्खी जीप उलटी कोरून ठेवली होती. "मग बाकीचे भाग कसे बरोबर बसले?"

बायकोने मान खाली घातली. "ते मी गुपचूप फिरवून लावत होते. तुम्ही एवढ्या कौतुकानं चित्रं काढलेली, कशाला बोलायचं? क्राउन तेवढा तुम्ही बसवलात, मी टप शिवत होते तेव्हा. तो मेला दोन्हीकडून बसतो."

यावर छोट्याला काय वाटावं ते त्यालाच कळेना. रागावावं म्हटलं तर त्या बाईने चार महिने त्याची लाज राखली होती.

"म्हणजे हरलो," तो म्हणाला. "दुरुस्त करायचं म्हणजे सगळा ॲक्सल पुन्हा खोलायचा. दोन दिवस तरी लागतील. मुदत तर आज संपली."

"कशाने हरलास?" अक्काच्या आवाजात एकदम जुनी धार आली. "मी अट काय घातली होती? स्वतःच्या इंजिनावर फाटकाबाहेर. कुठल्या गियरमध्ये ते बोलले होते का मी? पहिल्यात मागे जाते, तर रिव्हर्समध्ये पुढे जाईल. मागच्या पायांकडून आलेली वासरं मी शेकड्यांनी ओढून काढलीत. जिवंत काढलीत. त्यात रडायचं काय?"

बायको मात्र खाली उतरली होती. "मी नाही आता. पुढे म्हटलं की मागे आणि मागे म्हटलं की पुढे, माझं डोकं गरगरतंय. भिंतच पाडीन मी."

छोट्याला गाडी चालवता येत नव्हती. भंगारवाल्याकडे सगळ्यांनी बघितलं, तर तो घाईघाईने म्हणाला, "मी कसा बसू? गाडी नाही निघाली तर माझी आहे ना ती!" हेही बरोबरच होतं.

इंजिन अजून सुरूच होतं. अक्काने जीपच्या दारावर हात ठेवला होता. छोट्या तिच्या डाव्या गुडघ्याकडे बघत होता, आणि तो बघतोय हे अक्काला कळत होतं.

"पाय नाही दाबत रे," ती हळूच म्हणाली. आयुष्यात पहिल्यांदाच तिने ते कुणाला सांगितलं असावं.

"माझा दाबतो," छोट्या म्हणाला.

अक्काने वर पाहिलं.

"अक्का, तू बस. बाकी सगळं तू कर. डावा पाय माझा."

ती चढली कशी, बायकोने तिला मागून किती जोर दिला, आणि त्यात अक्काने किती जणांचा उद्धार केला, ते सगळं सांगत बसायला नको. बसली. हात स्टिअरिंगवर गेले आणि तिचे खांदे आपोआप सरळ झाले. छोट्याने शेजारच्या सीटवरून आपला उजवा पाय लांबवून, अर्धा तिच्या अंगावर रेलून, क्लचवर ठेवला.

"दाब. सोड म्हटलं की सोड."

पहिल्यांदा त्याने एकदम सोडला. इंजिन आचका देऊन बंद पडलं. दुसऱ्यांदा जीप बेडकासारखी उडी मारून पुन्हा बंद पडली. भंगारवाला दोन पावलं मागे सरकला.

"गाढवा, रबर कोरताना पातं असंच आपटतोस का?"

"नाही."

"मग कोरतोस तसा सोड."

छोट्याने डोळे मिटले. पायात बोटं असल्यासारखा, केसभर केसभर, क्लच सोडत गेला. जीप थरथरली, चिखलात चाकं रुतली, निघाली, आणि रिव्हर्स गियरमध्ये, मोठ्याने कण्हत, माणसाच्या चालीने पुढे जाऊ लागली. पंधरा पावलं. दहा. बायको बाजूने पळत होती आणि टाळ्या वाजवत होती. पुढची चाकं फाटकाबाहेर गेली. मग मागची गेली.

"अक्का, झालं! गेली! थांब!" छोट्या ओरडला.

"थांबायचं कशाला?" म्हणत अक्काने स्टिअरिंग वळवलं आणि जीप गल्लीला लागली. तिने दोनदा हॉर्न दिला, समोर कुणीही नसताना. छोट्याच्या पायात गोळा आला होता, डोळ्यांना धारा लागल्या होत्या, आणि क्लचवरून पाय काढावा असं त्याला अजिबात वाटत नव्हतं.

मागून भंगारवाला धावत आला. "डॉक्टरीणबाई, मी काय करू मग?"

"फाटक लावून घ्या," अक्का मान न वळवता म्हणाली. "आम्हाला यायला वेळ लागेल."