बादलीतले बुडबुडे

भाचीच्या पत्राला मास्तरांनी महिनाभर उत्तर दिलं नव्हतं. फोनवर मामाच्या तोंडून शब्द फुटत नाही हे तिला ठाऊक, म्हणून परगावाहून तिने मुद्दाम पत्र लिहिलं होतं: 'मामा, स्वतःची शेड घेतली. गॅस वेल्डिंग आणि कटिंगचा परवडेल असा टॉर्च सेट सुचव. इथे लाल डब्यातला मिळतो, बारा नोझल, दिसायला झकास. एक तारखेपर्यंत वाट बघते, नाहीतर तोच उचलते.'

'म्हणे झकास!' मास्तरांनी तेव्हाच नाक मुरडलं. उत्तर लिहायला बसले आणि अकरा पानं झाली तरी ज्योतीच्या रंगापाशीच अडकून राहिले. तंत्रशाळेत तीस वर्षं त्यांनी टॉर्च फळ्यावर काढला होता. पेटवून दाखवायचं काम वर्कशॉपचा कारागीर करी. आपण सांगितलेलं चुकलं तर?

"तिने टॉर्च मागितलाय, प्रबंध नाही," बायको म्हणाली. "आज सत्तावीस तारीख. पोरीचं तोंड भाजल्यावर टपालात टाकणार आहात का?"

मास्तर अकरा पानं खिशात कोंबून, चपला घालून बाजारात गेले.

दुकानदार त्यांचाच जुना विद्यार्थी. शेवटच्या बाकावर बसून त्याने दोन वर्षं नुसत्या जांभया दिल्या होत्या. आता गल्ल्यावर बसून अक्कल वाटत होता.

"या सर! पुस्तक आणलंय ना सोबत?" त्याने समोरच्या दोन गिऱ्हाइकांना डोळा मारला.

मास्तरांनी लाल डबा मागितला. आत मखमलीवर बारा नोझल दागिन्यांसारखी मांडलेली. कापायला नव्हे, मिरवायला केलेली वस्तू. त्यांनी नॉब फिरवून पाहिला. पडायला आलेल्या दातासारखा हलत होता.

"यात फ्लॅशबॅक अरेस्टर कुठे आहेत?"

"ते काय असतं?"

"ज्योत उलटी नळीत शिरली तर अडवणारी झडप. तिसरा धडा."

"त्या दिवशी मी झोपलो होतो, सर." गिऱ्हाइकं खिदळली. "आणि आजवर एकाचीही तक्रार नाही."

तक्रार करायला माणूस शिल्लक राहावा लागतो, हे मास्तरांच्या ओठांपर्यंत आलं आणि नेहमीप्रमाणे गिळलं गेलं. तोंडून निघालं ते एवढंच, "बादलीभर पाणी मिळेल? स्वच्छ. तेलाचा थेंब नको, ऑक्सिजनशी पेटतं."

मागच्या खोलीत रेग्युलेटर लावलेला ऑक्सिजनचा सिलिंडर होता; गिऱ्हाइकंही मागोमाग आली. मास्तरांनी नळी जोडली, टॉर्चचे दोन्ही नॉब घट्ट बंद केले, नोझल पाण्यात बुडवलं आणि सिलिंडर उघडला.

पाण्यात बुडबुडे आले.

"बंद केलाय ना?" एका गिऱ्हाइकाने विचारलं.

"तूच बघ."

त्याने नॉब पिळून पाहिला. बुडबुडे येतच राहिले.

"नवीन आहे, वापरून बसेल," दुकानदार म्हणाला. पण आता कोणी हसलं नाही.

खालच्या फळीवर धुळीत एक टॉर्च पडला होता. काळपट, जड, ना डबा ना मखमल, नोझल फक्त तीन.

"तो कोणी घेत नाही, सर. दिसतच नाही ना छान."

तोही पाण्यात गेला. मास्तरांनी शंभर आकडे मोजले. स्वतःच्या मोजण्यावर भरवसा नव्हता, म्हणून परत शंभर. पाणी ढिम्म. दुकानदाराने सांगितलेल्या किमतीत मास्तरांनी अरेस्टरचे अंदाजे पैसे मिळवले, तरी ती लाल डब्याच्या आसपासच होती.

'मठ्ठ तो मठ्ठच,' बाहेर पडताना मास्तर पुटपुटले. चार पावलांवर आठवलं: याला पास केलं कोणी? गुणपत्रिकेवर सही आपलीच. मग उरलेली वाट त्यांनी स्वतःला शिव्या घालत संपवली.

पोस्टात एक कार्ड घेऊन उभ्यानेच लिहिलं: 'लाल डबा घेऊ नकोस. साधा, जड टॉर्च बघ. तीन नोझल पुरतात. दोन्ही नळ्यांना अरेस्टर हवेतच. घेण्याआधी बादली माग आणि टॉर्च बंद ठेवून ऑक्सिजनवर पाण्यात तपास. दुकानदार नको म्हणाला तर उठून चालू लाग. उशीर केला, चुकलं. मामा.'

"परवा पोचेल," कारकून म्हणाला आणि हात पुढे केला.

चुकलं तर? मास्तरांची बोटं क्षणभर कार्डाला चिकटून राहिली. मग त्यांनी ते सोडलं. अकरा पानं खिशातच होती.