नख अडकलं होतं

दोष डेल्मरचा. मला झिजवलं शाळेने, रंग फासला ऑर्व्हिल स्टालने, पण दोष डेल्मरचाच. हे आधी सांगून टाकतो, कारण आमच्या खोऱ्यात म्हाताऱ्यांची नावं घ्यायची वेळ आली की सगळ्यांना एकदम खोकला येतो.

मी लेथ बोलतोय. लोखंड कातणारा, आटे पाडणारा, बिडाचा जुना लेथ. पेनसिल्व्हेनियाच्या डोंगरात, कॉर्बिन हलुश्काच्या गॅरेजात, बर्फ ओढायच्या फावड्याशेजारी उभा आहे. कोणी हसत जवळ आलं की मी आधी त्याच्या हातात काय आहे ते बघतो. ही सवय जन्माची नाही, लागलेली आहे.

जन्म ओहायोतल्या एका कारखान्यात झाला. ज्या लांब रुळांवरून माझं हत्यार सरकतं, त्यांना बेड म्हणतात. तो तिथल्या एका कारागिराने हाताने खरवडून सपाट केला. अशा खरवडण्याचे चंद्रकोरीसारखे बारीक ठसे उमटतात आणि त्यांत तेल धरून राहतं. ठसे शाबूत म्हणजे लेथ फार वापरलेला नाही, असं लोक धरून चालतात. लोक बरंच काही धरून चालतात.

तिथून मी पलीकडच्या काउंटीतल्या एका शाळेत गेलो. दरवर्षी नवी पोरं आणि काम तेच, हातोडीचे दांडे. आखूड काम माझ्या मुठीजवळच होतं. मूठ म्हणजे चक, काम धरून फिरवणारी. त्यामुळे मी झिजलो तो फक्त चकाजवळ, बेडचं दुसरं टोक कोरंच राहिलं. मग शाळा समितीवरच्या म्हाताऱ्यांना साक्षात्कार झाला की पोरांनी आता हात काळे करायची गरज नाही. स्वतः हात काळे करूनच त्यांनी घरं बांधली होती. वर्ग बंद झाला, मला भंगारात काढलं. कॉर्बिनच्या शाळेतही हेच झालं. त्या इमारतीत त्याला कळत असलेल्या एकाच खोलीला कुलूप लागलं, तसा तोही अकरावीतून बाहेर पडला. त्याला वाया गेलेला म्हणतात. समितीला कोणी काही म्हणत नाही.

ऑर्व्हिल स्टालने मला भंगारातून उचललं. हा गृहस्थ रविवारी चर्चमध्ये दानाची थाळी फिरवतो आणि सोमवारी कोठारात जुनी यंत्रं विकतो. त्याने मला करडा रंग दिला. मग हातात धरायचं ग्राइंडर घेऊन, चकाजवळच्या झिजलेल्या जागी नव्या खोट्या चंद्रकोरी काढल्या. टकलावर शाईने केस काढावेत तशा. काम करताना शीळ घालत होता. कोणी शीळ घालायला लागलं की मी अजून सावध होतो.

ऑक्टोबरात कॉर्बिन आला. एकविशीचा, टायरच्या दुकानात कामाला. त्याचा बाप दोन वर्षांपूर्वी छातीच्या दुखण्याने गेला. जाण्याआधी त्याने आपल्या रायफलीसाठी नवी नळी आणून ठेवली होती. ती बसवायचं राहून गेलं. कॉर्बिनला ती स्वतः बसवायची होती आणि पुढे घरीच बंदुका दुरुस्त करायचं काम सुरू करायचं होतं. त्यासाठीच पहिला लेथ. नळी ती एकच. तिच्या बुडाशी आटे पाडायचे आणि ते अचूक पाडायचे. तिथे चूक झाली तर गोळी सुटताना सगळं चालवणाऱ्याच्या तोंडाशी फुटतं.

सोबत मामा होता, डेल्मर. लेथ न्यायचा तर गाडी लागणार आणि गाडी मामाची. मामा पोलादाच्या कारखान्यात चाळीस वर्षं होता. हे तो दर दहा मिनिटांनी सांगायचा. तिथे क्रेन चालवायचा, हे मात्र सांगायचा नाही.

"बघ, चंद्रकोरी बघ," मामा म्हणाला. "जशाच्या तशा. पोरा, हा लेथ कोणी वापरलेलाच नाही."

कॉर्बिनने बेडच्या कडेवरून नख फिरवत आणलं, कोऱ्या टोकाकडून चकाकडे. चकाच्या अलीकडे नख अडकलं. तिथे झिजेची पायरी होती. मला वाटलं, सापडलो. खरं सांगतो, मला बरं वाटलं.

"एक दांडा कातून बघू का?" त्याने विचारलं. "दोन ठिकाणी कातायचा आणि मोजायचा. दोन्हीकडे जाडी सारखी आली की झालं."

ऑर्व्हिलचं हसू तसंच राहिलं, फक्त डोळ्यांतून गेलं. "डेल्मर, तुझा भाचा मला मोजायला आलाय काय रे?"

"हात खिशात घाल," मामा कॉर्बिनला म्हणाला. मग आवाज खाली आणून, "ऑर्व्हिल आपल्या शिकारकॅम्पातला आहे. तुझा बाप आणि तो एका चुलीवर जेवलेत. कॅम्पातल्या माणसाचा माल कोणी मोजत नाही. मला तोंड दाखवायला जागा ठेव."

"मामा, इथे नख अडकतंय."

"नखं काप मग."

दोघे म्हातारे खो खो हसले. ऑर्व्हिलने हात पुढे केला, मामाने तो कॉर्बिनच्या वतीने धरला. आमच्याकडे व्यवहार असा होतो. ज्याला लेथ घ्यायचा होता त्याचे हात खिशात होते.

गॅरेजात आल्यावर कॉर्बिनने पहिलं काम तेच केलं. दांडा लावला, दोन ठिकाणी कातला, मोजला. एकीकडे जाड, एकीकडे बारीक. पुन्हा कातला, पुन्हा तेच. ऑर्व्हिलला फोन केला तर तो म्हणाला, "पसंत करूनच नेलास ना बाळा?" मग कॉर्बिनने नळी तेलाच्या फडक्यात गुंडाळून फळीवर ठेवली. बेड नव्याने घासून घेतल्याशिवाय तिला हात लावायचा नाही, असं त्याने मामाला स्पष्ट सांगितलं.

मामाला ते झोंबलं. कॅम्पात बातमी पोचली होती, डेल्मरचा भाचा ऑर्व्हिलला चोर म्हणतो. हरणांचा हंगाम तोंडावर आला होता आणि मामाला त्याच चुलीपाशी बसायचं होतं.

शनिवारी कॉर्बिन कामावर असताना मामा गॅरेजात आला. हसत आला. हातात फडक्यातली नळी होती, लेथ चांगला आहे हे सिद्ध करायला. मला ओरडता येत नाही. मला फक्त थरथरता येतं आणि ती थरथर त्याला यंत्राची ताकद वाटली. क्रेनवाल्याने बापाच्या नळीवर आटे पाडले, तेही माझ्या चकाजवळ, जिथे मी कुणालाही खरं काम देऊ शकत नाही.

संध्याकाळी कॉर्बिनने ती नळी रायफलीत फिरवून बघितली. ती खुळखुळली.

"जरा ढिली आहे," मामा म्हणाला. "चालेल. माझ्या वेळी असं कितीतरी चालायचं."

"कुणाच्या तोंडाशी चालायचं?"

"बापासारखाच तिरसट आहेस."

"बाप माझा मोजून घ्यायचा. ही नळीसुद्धा त्याने मोजून घेतली होती. बुडाचा जाड भाग बरोबर लागेल तेवढाच ठेवलाय. तो कापून नव्याने आटे पाडायला जागा नाही आता."

"अरे, पण मी तुझ्यासाठीच..."

"तू ऑर्व्हिलसाठी केलंस."

मामा उठला नाही. वाट बघत बसला, पोरगं निवळेल म्हणून. कॉर्बिनने नळी बाकावरच्या लोखंडी शिकंज्यात आवळली आणि करवतीने मधोमध कापली. चालेल म्हणत उद्या कोणी ती बसवू नये म्हणून. पोलाद हळू कापलं जातं. मामाला ते सगळं बसून ऐकावं लागलं. मग तो गाडीत बसून गेला.

हंगाम आला. कॅम्पात ऑर्व्हिल आणि डेल्मर एका चुलीवर जेवले. कॉर्बिन गेला नाही.

मी अजून इथेच आहे. बेड घासून मिळाला तर मी नीट काम देईन, पण त्याने माझ्यावर विश्वास ठेवावा असं मी म्हणणार नाही. तुम्ही पहिला लेथ घ्यायला जाल तेव्हा रंग बघू नका, चंद्रकोरी बघू नका, सोबत आलेल्या म्हाताऱ्याचं तर अजिबात ऐकू नका. चकाजवळ नख फिरवा. अडकलं तर घरी जा. लाज वाटली तरी जा.

कॉर्बिनची नळी गेली. ती बापाची होती आणि दुसरी नाही.