हँडलात शिरलेली नवरी

कळमेश्वर रोडवरच्या त्या पत्र्याच्या शेडसमोर दर रविवारी मोटरसायकलींची रांग लागायची. प्रत्येक गाडीच्या हेडलाइटला हळदकुंकू, आरशाला लिंबू, आणि शेजारी हात जोडून मालक. चालत्या गाडीचं हँडल थरथरत असेल तर त्या गाडीवर कोणीतरी बसलेलं असतं आणि ते फक्त चक्रानंद महाराजांना दिसतं, अशी महाराजांची ख्याती होती.

महाराज भगवी लुंगी नेसायचे, काळा गॉगल लावायचे, आणि गळ्यात रुद्राक्षांच्या जोडीला मोटरसायकलची चेन घालायचे. गाडीच्या टाकीला कान लावून ते बराच वेळ ऐकत.

"गाडी नाही कापून राहिली बेटा," ते शेवटी म्हणत. "गाडीवर जो बसला हाय, तो कापून राहिला. चाक फिरते, काळ फिरते. जे फिरत नाही, ते लटकते."

याचा अर्थ कोणालाच कळत नसे, त्यामुळे सगळेच मान डोलावत.

मग गाडी भगव्या पडद्याआड शांतीसाठी जायची. आत महाराज एकटे. कोणी डोकावलं तर बाधा त्याच्याच अंगावर उडी मारते, असं सांगून ठेवलेलं. आतून टकटक ऐकू आली की बाहेर चेले घंटा आणि थाळ्या बडवायला लागायचे. बाधा निघताना अशीच डोकं आपटते, असं चंपतराव नव्या माणसांना समजावून सांगत. चंपतराव म्हणजे निवृत्त पोस्टमन आणि महाराजांचे पहिले भक्त. त्यांच्या एकट्याच्या गाडीवरून महाराजांनी दोन आत्मे उतरवले होते, आणि त्याचा त्यांना अभिमान होता.

गाडी बाहेर आली की मालक वळणापर्यंत चक्कर मारून यायचा. आणि गंमत अशी, की हँडल खरंच थांबलेलं असायचं. लोक डोळे पुसत महाराजांच्या पाया पडायचे.

चंद्रभानही तसाच पडला. चंद्रभान जरीपटक्याच्या बाजारातून साड्या घ्यायचा, गठ्ठे मोटरसायकलच्या मागे बांधायचा आणि खेड्यांच्या आठवडी बाजारांत विकायचा. त्याच्या गाडीची तऱ्हा वेगळीच होती. सकाळी जाताना वेग जरा कमी केला की हँडल डावीउजवीकडे असं झटके मारायचं, की हातात धरवत नसे. संध्याकाळी येताना मात्र गाडी गाईसारखी गरीब.

महाराजांनी कान लावला आणि निदान केलं: लग्नाआधी मेलेली नवरी. साड्या दिसल्या की ती गाडीवर बसते, साड्या संपल्या की उतरते. चंद्रभानच्या अंगावर काटा आला. त्याने एक जरीची साडी नवरीसाठी वाहिली, शांती झाली, आणि हँडल थांबलं. महाराजांनी हँडलच्या मधोमध, मोठ्या नटाभोवती लाल धागा घट्ट गुंडाळला. हा धागा सोडायचा नाही आणि गाडीला कोणत्याच मिस्त्रीचा पाना लागू द्यायचा नाही, लागला तर नवरी चवताळेल, असं बजावलं.

काही आठवडे बरे गेले. मग नवरी परत आली. दुसरी साडी, दुसरी शांती. पुन्हा परत आली. तिसरी साडी. चंद्रभानची बायको जिजाबाई म्हणाली की या नवरीपाशी आता आपल्यापेक्षा जास्त साड्या झाल्या असतील. पण तीही प्रत्येक वेळी हात जोडूनच म्हणाली.

चौथ्यांदा नवरीने शांतीला वेळच दिला नाही. उतारावर हँडल सुटलं, गाडी आडवी झाली, रस्ताभर साड्या पसरल्या, आणि चंद्रभानच्या खांद्याचं हाड मोडलं. मागून येणाऱ्या ट्रकवाल्याने वेळेत ब्रेक मारला, म्हणून तेवढ्यावर निभावलं.

चंद्रभानची धाकटी बहीण उत्तरा शाळेत विज्ञान शिकवायची. ती दवाखान्यात भेटायला आली तेव्हा चंद्रभान स्वतःलाच दोष देत होता.

"मी शनिवारी अंडे खाल्ले, म्हणून पडलो वं."

"अंडे तू खाल्ले दादा, अन् हँडल गाडीचं काहून हाललं?"

मग उत्तराने त्याला खोदून खोदून विचारलं. गठ्ठे बांधलेले असताना हलतं, गाडी रिकामी असताना नाही. म्हणजे नवरी साड्यांवर जीव टाकते, किंवा मागे ओझं पडलं की पुढचं चाक हलकं होतं. दोन्हीपैकी काय ते तपासता येण्यासारखं होतं.

घरी आल्यावर तिने गाडी मोठ्या स्टँडवर लावली आणि वहिनीला मागच्या सीटवर बसवलं. पुढचं चाक अधांतरी झालं. उत्तराने खाली बसून चाकाच्या दोन्ही बाजूंचे दांडे धरले आणि पुढेमागे ओढले. टक. पुन्हा ओढले. पुन्हा टक. हँडल ज्या गोळ्यांवर फिरतं ते बॉल रेसर झिजले होते आणि वरचा नट ढिला पडला होता. तो नट लाल धाग्याखाली मुकाट्याने सैल होत होता आणि पाना लावायची बंदी होती.

जिजाबाईला मात्र पटलं नाही.

"तुझं शास्त्र असन मोठं," ती म्हणाली. "पण महाराजाच्या शांतीनं तीनदा थांबली ना गाडी? म्या माह्या डोळ्यानं पाह्यलं."

हा प्रश्न उत्तराला आवडला, कारण तो खरा होता. गाडी थांबत होती, हे खोटं नव्हतंच. पडद्याआड काय होतं, एवढंच शोधायचं होतं. तिने पर्समधून लाल नेलपॉलिश काढलं, धागा हळूच सोडला आणि नटावरून खालच्या पट्टीपर्यंत एक सरळ रेघ ओढली. वाळल्यावर धागा होता तसा गुंडाळला.

"आत्मा निघून गेला तं रेघ तशीच राहीन, वहिनी. आत्म्याले पाना लागत नाही."

जिजाबाई हसली नाही, पण रविवारी बरोबर यायला तयार झाली. उत्तराने रिकामी गाडी हळूहळू चालवत नेली, आणि चंद्रभानही खांदा पट्ट्यात अडकवून रिक्षाने आला.

महाराजांनी टाकीला कान लावला आणि खिन्न झाले. नवरी रुसली आहे, या खेपेला पैठणी मागते, म्हणाले. जिजाबाईने विकायच्या साड्यांच्या पिशवीतून पैठणी काढून दिली. गाडी पडद्याआड गेली. घंटा वाजल्या, थाळ्या वाजल्या, चंपतरावांनी डोळे मिटले. थोड्या वेळाने गाडी बाहेर आली. हँडल एकदम ताठ, धागा नवा कोरा.

उत्तरा पुढे झाली आणि सगळ्यांसमोर तिने तो धागा सोडला. चेले धावले, पण जिजाबाई मधे उभी राहिली. नटावरची लाल रेघ एकीकडे होती, पट्टीवरची दुसरीकडे. उत्तराने रेघ कधी आणि कशी ओढली ते सांगितलं आणि लोकांना जवळ येऊन पाहायला लावलं.

चंपतरावांनी वाकून पाहिलं. देवाचा हात लागल्यावर नटही फिरू शकतो, असं त्यांचं मत पडलं. काही माना डोलल्या. महाराजांनी गॉगल सारखा केला आणि पुन्हा काळ-चाक सुरू केलं.

तेवढ्यात जिजाबाई कोणाला न विचारता पडद्याआड गेली. आता बाधा अंगावर उडी मारणार म्हणून पुढचे लोक दोन पावलं मागे सरले. ती बाहेर आली तेव्हा तिच्या हातात एक मोठा पाना, ग्रीसचा डबा आणि हवा भरायचा पंप होता. तिने ते सगळं महाराजांच्या पाटावर, फुलांच्या शेजारी मांडलं.

"देवाच्या हाताले ग्रीस लागते का गा?" तिने विचारलं.

उत्तराने पाना उचलला आणि तो चंपतरावांच्याच हातात दिला. गाडी स्टँडवर घेतली. तिच्या सांगण्यावरून चंपतरावांनी वरचा नट ढिला केला, त्याखालची, रेसर आवळून धरणारी रिंग जराशी उलटी फिरवली आणि चाकाचे दांडे ओढले. टक. नवरी आली. रिंग घट्ट केली. आवाज बंद. नवरी गेली. त्यांनी पुन्हा नवरी आणली, पुन्हा घालवली. मग त्यांचा चेहरा खुलला आणि ते थांबेचनात. गर्दीतला एक जण म्हणाला की काका, माह्या गाडीतलाबी काढून पाहा. रांगेत हशा पिकला.

महाराज मात्र खाली बसले होते. त्यांनी गॉगल काढला. वय फार नव्हतं. आपलं नाव अनंत, असं त्यांनी सांगितलं. याच शेडमध्ये आधी त्यांचं गॅरेज होतं.

"बॉल रेसर गेले म्हटलं तं लोक म्हणत, लुटून राहिला. बाधा म्हटलं तं पाया पडत."

यावर गर्दीतल्या कितीतरी लोकांनी नजर चुकवली. चंद्रभान पुढे आला.

"माह्या गाडीचे रेसर गेले, हे तुले पयल्या दिवशीच माहीत होतं?"

"होतं."

"मंग बदलवले काहून नाही?"

"बदलवले असते तं तू परत आला नसता," अनंत म्हणाला.

चंद्रभानने आपल्या पट्ट्यातल्या खांद्याकडे पाहिलं. "मी ट्रकखाली गेलो असतो गा," तो हळू आवाजात म्हणाला. घंटेचा दोर हातात धरून उभा असलेला चेला तो सोडून बाजूला झाला.

त्याच दुपारी चंद्रभानने पोलिसांत तक्रार दिली. नंतर जरीपटक्यातल्या गॅरेजात रेसर बदलून घेतले, आणि गठ्ठ्यांचा अर्धा भार पुढे, टाकीलगत बांधायला शिकला. ओझं लादून हळू चालवतानाही हँडल आता हलत नाही. चंपतराव हल्ली गल्लीतल्या प्रत्येक गाडीचे दांडे ओढून पाहतात. त्यांना आवरणं कठीण झालं आहे.

अनंतने लोकांना फसवलं, हे खरंच. पण तो खरं बोलत होता तेव्हा याच लोकांना तो लबाड वाटला होता, हेही खरं. आपल्या गाडीत दोष आहे हे ऐकायला जड जातं. भूत बरं, ते दुसऱ्याचं असतं. तेव्हा हँडल थरथरलं तर हात जोडण्याआधी खाली वाका, चाक धरा, ओढून पाहा. आवाज आला तर तो कुठून येतो ते शोधा. आणि उघडून पाहू नका असं कोणी सांगितलं, तर तेवढं मात्र नक्की उघडून पाहा.