वेगळे पोते

कोर्टाबाहेरच्या टंकलेखकाने दोन कागदांमध्ये कार्बन सरकवला, यंत्राची मूठ फिरवली आणि चष्म्यावरून थोरल्याकडे पाहिले.

“बँकेनं नेमकं काय मागितलंय? हळू सांगा, माझं यंत्र माझ्याहून म्हातारं आहे.”

“धाकट्याची सही. जमीन दोघा भावांच्या नावावर आहे. सही नसेल, तर तो बेपत्ता असल्याचा कोर्टाचा आदेश. नाहीतर विहिरीचं कर्ज नाही.”

“आणि विहीर?”

“तळ दिसतोय. बाग हा उन्हाळा काढायची नाही.”

शेजारच्या बाकावर आई कमरेची पिशवी दोन्ही हातांनी धरून बसली होती. बारा वर्षे, तिच्या समाधानासाठी म्हणून, थोरला धाकट्याच्या वाट्याचे धान्य वेगळ्या पोत्यात भरत आला होता. दर हंगामात तो पोत्याचे तोंड शिवत असे आणि आई म्हणे, “घट्ट शिव, आल्यावर नावं ठेवील.” त्या एका वाक्याच्या उजेडात ते घर दिवस काढी.

यंत्र कडकडले. कागदावर ‘बेपत्ता’ हा शब्द उमटला.

“शेवटचं कोणी पाहिलं?”

“मी. बांधावर.”

“जाताना काय बोलणं झालं? कोर्ट विचारतं हे.”

थोरल्याने टेबलावरची टाचणी उचलली, ठेवली, पुन्हा उचलली.

“थांबा,” आई म्हणाली. “ते नका लिहू.”

तिने पिशवीची नाडी सोडली. आतून निघालेला कागद इतका झिजला होता, की घड्यांचे चौकोन एकमेकांना जेमतेम धरून होते. टंकलेखकाने तो उजेडात धरला. दूरच्या बंदरावरच्या दवाखान्याने दिलेला धाकट्याच्या मृत्यूचा दाखला, अकरा वर्षांपूर्वीचा.

“पोस्टमननं वाचून दाखवला होता. त्याला शपथ घातली, कुणापाशी बोलायचं नाही.”

“माझ्यापाशीही नाही, आई?”

“तुलाच कळू द्यायचं नव्हतं रे. बांधावर रागाच्या भरात तू त्याला काय म्हणालास, ते मी ऐकलं होतं.”

टाचणी थोरल्याच्या बोटांतच राहिली.

“मग अर्जाची गरज नाही,” टंकलेखक हलकेच म्हणाला. “या दाखल्यावर जमिनीवरचं त्याचं नाव कमी होईल. कर्जाची अडचण उरत नाही.”

त्याने अर्धवट कागद यंत्रातून ओढून काढले. तो ते चुरगळणार, एवढ्यात थोरल्याने हात पुढे केला.

“राहू द्या ते.”

मूळ कागद आणि खालची प्रत, दोन्हींची त्याने जपून घडी केली. त्यांत धाकटा अजून नुसताच बेपत्ता होता.