घरातलं कोण गेलं?

ताई कवळ्या बनवायच्या. तेवीस वर्षं एकाच लॅबमध्ये, खिडकीजवळच्या एकाच टेबलावर. दातांचे डॉक्टर लोकांच्या हिरड्यांचे ठसे पाठवायचे. ताई त्यावरून प्लास्टरचा साचा ओतायच्या, गुलाबी मेणात एकेक दात बसवायच्या आणि कधी न पाहिलेल्या माणसाला पुन्हा सफरचंद चावता येईल असं तोंड तयार करून द्यायच्या. लॅबचे मालक त्यांच्याहून सहा वर्षांनी मोठे, पण तेही त्यांना ताईच म्हणायचे. ताईंच्या हातची कवळी टोचते म्हणून परत आली, असं फारसं कधी झालं नाही.

घरी त्या एकट्या. म्हणजे त्या आणि बोचकं.

बोचकं हे गिनीपिगचं नाव, भाचीने ठेवलेलं. पांढऱ्या-तपकिरी केसांचं, मान नसलेलं, कुणीतरी घाईघाईत कपडे कोंबून गाठ मारावी तसं ते दिसायचं. चार वर्षांपूर्वी मेहुण्यांची बदली झाली, तेव्हा धाकट्या बहिणीने पिंजरा आणून ठेवला. "ताई, दोनच महिने सांभाळ गं. घर लागलं की घेऊन जाते." भाची तेव्हा अकरा वर्षांची. निघताना पिंजऱ्याला मिठी मारून इतकी रडली की तिला उचलून गाडीत बसवावं लागलं. दोन महिन्यांचे चार झाले, चाराचे आठ, मग विषयच निघेनासा झाला. ताईंनीही काढला नाही. खरं सांगायचं तर पहिल्या हिवाळ्यानंतर बहिणीचा फोन वाजला की त्यांच्या मनात यायचं, आता ही घ्यायला येतेय म्हणणार की काय.

कुलपात किल्ली फिरली की बोचकं शीळ घालायचं. शीळ कसली, बोंब मारायचं. "आले गं बाई, आले, घर डोक्यावर घेऊ नकोस," असं म्हणतच ताई चपला काढायच्या. मग भाजी चिरता चिरता दिवसभराचं सगळं त्याला सांगायचं. कुठल्या डॉक्टरने ठसा वाकडा घेतला, मालक कुणावर उखडले. कोथिंबिरीची काडी तोंडात सरकवत बोचकं ऐकायचं. निदान ऐकल्यासारखं तरी दिसायचं.

त्या गुरुवारी सकाळी ताईंनी कोथिंबीर पुढे केली तर ते आलंच नाही. कोपऱ्यात अंग फुलवून बसलं होतं आणि बारीक कर्र कर्र आवाज करत दात खात होतं.

ताईंच्या मनात पहिलं आलं ते दातांचंच. गिनीपिगचे दात जन्मभर वाढत राहतात, दाढा वाढल्या तर जिभेला टोचतात आणि खाणं बंद होतं, हे त्यांना माहीत होतं. इतकी वर्षं त्यांना धास्ती होती ती त्याचीच. कामाचा छोटा गोल आरसा त्यांच्या पर्समध्ये असायचाच. त्यांनी बोचक्याला टॉवेलमध्ये गुंडाळलं, दोन बोटांनी ओठ बाजूला केले आणि टॉर्च मारून पाहिलं. पुढचे दात सरळ. दाढांवर एकही टोक नाही. ताईंचा जीव भांड्यात पडला.

"दात तर माझ्यापेक्षा चांगलेत तुझे," त्या म्हणाल्या. "नाटकं करतंयस काय?"

काकडीचा एक काप त्याच्यापुढे ठेवून त्या लॅबला गेल्या. एका म्हातारबुवांची कवळी संध्याकाळपर्यंत द्यायची होती.

पण काम हाताला लागेना. वरचे सहा दात बसवले, पाहिले, पुन्हा काढले. तीनच्या सुमारास त्या मालकांच्या टेबलापाशी जाऊन उभ्या राहिल्या.

"मी निघू का? घरी बरं नाहीये."

मालक फोनवर होते. त्यांनी मान न उचलताच हाताने 'जा, जा' केलं.

किल्ली फिरवली तेव्हा आतून आवाज आला नाही. बोचकं कुशीवर पडलं होतं. काकडी होती तशीच. ताईंनी त्याच्या पोटाखाली हात घातला. पोट नगाऱ्यासारखं ताणलेलं, टणक.

कोपऱ्यावर कुत्र्यामांजरांचे एक डॉक्टर होते. त्यांनी टोपलीत डोकावून पाहिलं आणि सरळ सांगितलं, "यातलं मला कळत नाही हो. उगाच सुई टोचून हाल कशाला करू?" मग एका कागदावर एका डॉक्टरीणबाईंचा पत्ता लिहून दिला. शहराच्या पार दुसऱ्या टोकाला. त्या ससे, पक्षी, असलं सगळं बघतात म्हणाले.

बसने चाळीस मिनिटं. ताईंनी टोपली मांडीवर घेतली, वरून रुमाल टाकला आणि रुमालाखाली हात ठेवला. शेजारच्या गृहस्थांना राहवेना.

"कबुतर आहे का?"

"नाही."

"मग काय आहे?"

"कवळ्या," ताई म्हणाल्या. गृहस्थांनी आपले पाय जरा आवरून घेतले.

डॉक्टरीण तरुण होती, केस बारीक कापलेले. ती हसली नाही, घाईही केली नाही. एक्स-रे काढला. बारीक नळी घालून गॅस काढायचा प्रयत्न केला, पण नळी आत जाईना. मग तिने ताईंना काळा-पांढरा फोटो दाखवला. छोट्याशा बरगड्या आणि खाली फुग्यासारखी काळी पोकळी.

"पोटाला पीळ पडलाय. ऑपरेशन करता येतं, पण एवढ्याशा जिवाला, या अवस्थेत... मी तुम्हाला खोटी आशा नाही दाखवणार. दुखू नये म्हणून इंजेक्शन दिलंय."

"सकाळीच आणलं असतं तर?"

"सकाळपासून खात नव्हतं?"

"हो. मी दात बघितले. मला दातांचं कळतं."

डॉक्टरणीने हातमोजे काढले. "दात खरंच चांगलेत त्याचे," ती म्हणाली. "सकाळी आणलं असतं तर वाचलं असतं कदाचित. कदाचित नसतंही. नाही सांगता येत."

ती रागावली असती तर ताईंनी ऐकून घेतलं असतं. तुमचा काही दोष नाही म्हणाली असती, तर त्यालाच धरून बसल्या असत्या. यातलं काहीच हाती लागलं नाही. सकाळी आरसा घेऊन आपल्याला जे येतं तेवढंच आपण पाहिलं आणि निर्धास्त झालो, एवढंच राहिलं.

बाहेरच्या खोलीत, प्लास्टिकच्या खुर्चीवर, ताईंच्या मांडीवर बोचकं गेलं. सहाला दहा कमी होते. मागचे पाय एकदा ताणले, एक बारीक आवाज केला, बस्स. समोर मांजराची पेटी घेऊन बसलेल्या बाई फोनवर काहीतरी वाचत होत्या. त्यांनी वर पाहिलंसुद्धा नाही. ताई आणखी बराच वेळ तशाच बसून राहिल्या, कारण आता कुणाला सांगायचं ते त्यांना कळत नव्हतं.

घरी आल्यावर त्यांनी बहिणीकडे फोन लावला. भाचीने उचलला.

"मावशी! अगं, आई आंघोळीला गेलीये."

"तुलाच सांगायचं होतं गं. बोचकं गेलं आज."

"कोण?"

"बोचकं. तुझं गिनीपिग."

"अय्या, ते अजून होतं?" भाची म्हणाली. "मला वाटलं तू कधीच कुणाला तरी देऊन टाकलं असशील." मग तिच्या लक्षात आलं असावं. "सॉरी हं, मावशी. तू... तू जेवलीस का?"

"हो, जेवले."

जेवल्या नव्हत्या. पण पोरीचा राग आला नाही त्यांना. अकरा वर्षांच्या मुलीचे डोळे लवकर सुकावेत, हेच बरं. फक्त इतके दिवस त्यांच्या मनात कुठेतरी असं होतं की आपण दुसऱ्याची ठेव सांभाळतोय. दुसऱ्याने ती कधीच सोडून दिली होती. म्हणजे आता गेलं ते त्यांचं एकटीचंच.

सकाळी त्यांनी मालकांना फोन केला.

"आज येत नाही. घरी... काल संध्याकाळी गेलं."

"अरे देवा!" मालक म्हणाले. "ताई, काल तुम्ही बरं नाही म्हणालात आणि मी साधं विचारलंही नाही. काही मनात आणू नका. कामाचं बघतो मी."

तेव्हाच सांगायला हवं होतं. पण कालपासून 'अरे देवा' म्हणणारं पहिलंच माणूस भेटलं होतं. ते शब्द परत करायचं ताईंच्या जिवावर आलं. "बरं," एवढंच म्हणून त्यांनी फोन ठेवला.

अकराला बेल वाजली. दारात मालक, इस्त्रीचा शर्ट घालून. मागे पॉलिशवाली. लॅबमध्ये ती पॉलिशच्या चाकावर बसायची. आज तिने भुवयांवरची पांढरी भुकटीसुद्धा नीट पुसली होती. दोघं पावलं न वाजवता आत आली आणि सोफ्याच्या कडेवर टेकली. मालक इकडेतिकडे बघू लागले. घरात माणसं नाहीत, कुठे फोटो मांडलेला नाही.

"आई ना?" त्यांनी हळूच विचारलं.

"आईला जाऊन नऊ वर्षं झाली. तुम्ही आला होतात."

मालक ओशाळले. "हो, हो. आलो होतो. मग घरातलं कोण..."

ताईंनी पिंजऱ्याकडे बोट केलं. "गिनीपिग होतं माझं."

मालकांनी पिंजऱ्याकडे पाहिलं, ताईंकडे पाहिलं, पुन्हा पिंजऱ्याकडे.

"अहो ताई," ते म्हणाले, "मी तीन डॉक्टरांना कळवलं. ताईंच्या घरी दुःखद घटना घडलीये, कवळ्यांना उशीर होईल म्हणून."

पॉलिशवालीच्या नाकातून आवाज निघाला. तिने तोंडावर रुमाल दाबला, पण तिचे खांदे गदगदायला लागले. "माफ करा हं ताई," ती कशीबशी म्हणाली, "पण त्या टकलू डॉक्टरांनी शोकसंदेश पाठवलाय. ईश्वर मृतात्म्यास शांती देवो म्हणून."

आणि ताईंनाही हसू फुटलं. आपल्याला हसता येतंय याचंच त्यांना नवल वाटलं. हसता हसता मध्येच कुठेतरी ते वळलं आणि मग रडू काही आवरेना. कालपासून त्या रडल्या नव्हत्या. कुठे बघावं ते पाहुण्यांना कळेना. पॉलिशवालीने ताईंच्या पाठीवर हात ठेवला, थोड्या वेळाने काढून घेतला.

"दुसरं आणा ना ताई," ती म्हणाली. "मिळतात की." तिने मनापासून सांगितलं होतं, त्यामुळे ताईंनी मान हलवली.

मालक उठले. दारात बूट घालताना, वर न बघता म्हणाले, "ठेवलंय कुठे?"

"गॅलरीत, खोक्यात. तिसऱ्या मजल्यावर माती कुठून आणू?"

"लॅबच्या मागे जागा आहे. कुंपणाशी. मला विचारत बसू नका."

त्याच दुपारी ताई खोकं घेऊन गेल्या. लॅबच्या मागे जुने साचे टाकायची जागा होती. फुटलेले, पावसाने झिजलेले प्लास्टरचे जबडे, कुणाकुणाचे. त्यांनी कुंपणापाशी खुरप्याने उकरायला घेतलं. सुरुवातीला नुसता पांढरा चुरा निघत होता. वीतभर खाली गेल्यावर खरी, काळी, ओलसर माती लागली. टॉवेलमध्ये गुंडाळलेलं बोचकं त्यांनी आत ठेवलं. काहीतरी बोलावं असं त्यांना वाटलं. घरी त्या त्याच्याशी जगभरचं बोलायच्या. इथे एक शब्द सुचला नाही. आतून पॉलिशच्या चाकाची घरघर येत होती. ती मध्येच थांबली, थोडा वेळ थांबून राहिली, पण बाहेर कुणी आलं नाही. मग चाक पुन्हा सुरू झालं. ताईंनी माती लोटली, पायाने दाबली, नळावर हात धुतले आणि आलोच आहोत तर म्हणून आत जाऊन म्हातारबुवांची कवळी पुरी केली.

पुढचे दिवस त्यांना वाटले होते तितके वाईट गेले नाहीत. त्यांनी पिंजरा धुतला, घडी करून माळ्यावर टाकला, रिकाम्या जागी टेबल सरकवलं. रविवारी मात्र भाजी चिरून झाल्यावर पाहतात तो ओट्यावर कोवळी देठं, पानं, गाजराची टोकं वेगळी काढून नीट रचून ठेवलेली. हातांना कुणी सांगितलंच नव्हतं. ताई त्या ढिगाकडे बघत राहिल्या आणि मग ओल्या हाताने तो कचऱ्याच्या डब्यात ढकलला. त्या दिवशी त्यांनी बहिणीचा फोन घेतला नाही.

सुक्या गवताचं अर्धं पोतं उरलं होतं. पुढच्या शनिवारी त्या ते घेऊन डॉक्टरणीकडे गेल्या. काउंटरवरच्या बाईने आभार मानले, पोतं आत नेलं. काम झालं होतं. पण ताई निघाल्या नाहीत, खुर्चीवर बसल्या.

शेजारी एक माणूस होता, पन्नाशीचा, बस-ड्रायव्हरच्या गणवेशात. मांडीवर पुठ्ठ्याचा डबा, त्याला पेन्सिलने पाडलेली भोकं. आत ससा असावा, एका भोकातून पांढरी लव दिसत होती. माणूस डबा दोन्ही हातांनी धरून ताठ बसला होता. डबा हलू नये म्हणून श्वाससुद्धा जपून घेत होता.

"कालपासून काही खात नाही," तो ताईंना म्हणाला. कुणालातरी सांगायचंच होतं त्याला.

"बघतील त्या," ताई म्हणाल्या. "चांगल्या आहेत."

"तुमचं काय आहे?"

"माझं काही नाही. गवत द्यायला आले होते."

त्याने मान डोलावली, पण त्याचं लक्ष डब्यातच होतं. भिंतीवरचं घड्याळ टकटक करत होतं. वीस-पंचवीस मिनिटं दोघं शेजारी शेजारी बसून होती. त्याचा नंबर आला तसा तो दचकून उठला, डबा सांभाळत आत गेला आणि दार लागलं.

ताई अजून थोडं थांबल्या. आतून काही ऐकू येत नव्हतं. मग त्यांनी पर्स खांद्याला लावली आणि बसस्टॉपकडे चालू लागल्या.