चौथ्या चौकटीतला खेळाडू

रामकिसन दांडगे माणसाला तोंडावरून ओळखत नसे, त्यानं उडवलेल्या गवतावरून ओळखत असे. छावणीपलीकडच्या गोल्फच्या मैदानावर तो हेडमाळी होता. कुणी फटका मारून गवताचा तुकडा उडवला की रामकिसन तो उचलायचा, उलटापालटा करायचा आणि त्या माणसाची कुंडली मांडून मोकळा व्हायचा. पातळ तुकडा उडवणारा भित्रा, खोल उडवणारा बायकोशी भांडून आलेला. या शास्त्रात किती तथ्य होतं कोण जाणे, पण मेंबर लोक त्याच्यासमोर जरा जपूनच फटका मारत.

म्हणून तर विशाखा म्हस्के सकाळी आठलाच स्कूटी घेऊन हजर झाली. शहरातल्या एका दैनिकाचं क्रीडापान ती सांभाळायची. पन्नाशी ओलांडलेल्या व्यावसायिक गोल्फ खेळाडूंची मोठी स्पर्धा पहिल्यांदाच या मैदानावर भरणार होती, गुरुवारपासून तीन दिवस. आपल्याकडं क्रिकेटपुढं बाकीचे खेळ म्हणजे सवतीची पोरं. त्यात गोल्फला अर्धं पान मिळालं हेच नवल होतं, आणि ते पान आज मंगळवारी संध्याकाळी सहाच्या आत भरून द्यायचं होतं.

"काका, मला चार नावं पाहिजेत," ती म्हणाली. "कोण जिंकू शकतं आणि का. पानावर चार चौकटी आखल्यात. एका चौकटीत एक खेळाडू."

"चारच? साठ गडी येऊन राह्यले ना, ताई."

"चारच. पाचवी जाहिरातीची आहे."

रामकिसन हसला. त्याला शेवटच्या ग्रीनवर, म्हणजे होलाभोवतीच्या बारीक गवताच्या चकतीवर, नवं होल कापायचं होतं. "चला मग," म्हणत त्यानं कटर खांद्यावर घेतला आणि बोलत बोलत दोघं निघाले. मैदान नऊच होलांचं, दोनदा फिरलं की अठरा. त्यामुळं नववं तेच अठरावं, तेच शेवटचं.

"पहिला लिहा चंदीगडचा हरजिंदर," तो म्हणाला. "बासष्ट वर्षांचा हाय, पण लांब मारायला पोरांना ऐकत नाय. ह्यो बघा त्याचा तुकडा, पोळीएवढा. फक्त वारा आडवा आला की चिडतो, अन् आपल्याकडं दुपारी अडीचनंतर वारा आडवाच. पहिल्या दिवशी त्योच पुढं राहील. तिसऱ्या दिवशीचं सांगत नाय."

विशाखा फोनवर रेकॉर्ड करत होती, तरी वहीतही लिहीत होती. रामकिसनला ते आवडलं.

"दुसरा बंगळुरूचा सेल्वराज. दोन्ही गुडघे गेलेत. चेंडू होलाकडं कसा वळंल ती लाइन खाली बसून बघता येत नाय, म्हणून उभ्यानंच बघतो. अन् खरं सांगू का, उभ्यानंच नीट दिसती. बाकीचे उगं उकिडवे बसत्यात. पण चौपन्न होल चालायचे, चढ-उताराचे. गुडघ्यांनी साथ दिली तर त्याला कोणी धरत नाय."

"तिसरा?"

"कलकत्त्याचा मुनीरुद्दीन. वाळूतला वस्ताद. काल सरावाला मुद्दाम वीस चेंडू वाळूच्या खड्ड्यात टाकले अन् सतरा नेऊन होलातल्या दांडीपाशी ठेवले. शहागंजात जुना अत्तरवाला कुपी भरतो ना, एक थेंब सांडत नाय, तसा हात हाय त्याचा."

आता ते ग्रीनवर पोचले होते. रामकिसननं दांडी काढून बाजूला ठेवली, नव्या जागी कटर टेकवला आणि दोन्ही हातांनी दाबत, फिरवत खाली घातला. मग हळूच वर ओढला. कटरमधून मातीचा लांबोळा ठोकळा बाहेर आला. वर बोटभर हिरवं गवत, त्याखाली पिवळी वाळू, आणि तळाशी काळाभोर थर. त्या थराला अजून जळक्या इंजिन ऑइलचा वास येत होता.

"हे काय?" विशाखानं वाकून विचारलं.

"जुनं ब्राऊन," रामकिसन म्हणाला आणि ठोकळा हातात धरून बसून राहिला.

तेव्हा या मैदानाला हिरवं ग्रीन नव्हतंच. पाणी कुठून आणणार? बारीक वाळूत गॅरेजमधलं जळकं ऑइल कालवायचं, दाबून गोल चकती करायची आणि मधोमध होल. त्याला सगळे ब्राऊन म्हणत. कुणी खेळून गेलं की कॅडीनं, म्हणजे साहेबाच्या काठ्या वाहणाऱ्या पोरानं, त्यावरून पोतं ओढायचं, म्हणजे पावलं पुसली जायची. आणि चेंडू ब्राऊनवर आला की त्याला काळं लागायचंच. म्हणून प्रत्येक कॅडीच्या कमरेला फडकं. साहेबानं चेंडूमागं खूण ठेवली की कॅडीनं चेंडू उचलायचा, पुसायचा, पुन्हा ठेवायचा. दिवसातून शंभर वेळा.

रामकिसन आणि गोकुळ शेजूळ, दोघं भावसिंगपुऱ्याचे, चालत यायचे. मेंबर लोक घरी गेले की दोघांत मिळून एक टाकून दिलेली काठी आणि एक चेंडू घेऊन खेळायचे, चेंडू दिसेनासा होईपर्यंत. हरेल त्यानं नऊच्या नऊ ब्राऊनवर पोतं ओढायचं. प्रत्यक्षात जिंकणाराही दुसऱ्या टोकाला हात लावायचाच. मग कडुनिंबाखाली बसून गार भाकरी आणि ठेचा. त्या दिवसांची आठवण आली की रामकिसनला अजून भूक लागायची. पंचतारांकित हॉटेलातलं स्पर्धेचं जेवण त्यानं चाखलं होतं, पण त्या ठेच्याची सर कशालाच आली नव्हती.

"काका, चौथा कोण?"

"चौथा लिहा कुणीबी. नायतर जाहिरात वाढवा."

विशाखानं वही मिटली. "गोकुळ शेजूळ का नको? आपल्या गावचे आहेत. सदतीस वर्षांनी इथं खेळणार आहेत. कँटीनमधल्या कडूबाईंनी मला सगळं सांगितलंय."

कडूबाईनं काय सांगितलं असेल हे रामकिसनला पाठ होतं. मैदानावर नवा माणूस आला की तिसऱ्या चहाला त्याला ही गोष्ट ऐकावीच लागे.

"कॅडींमधून एकाला व्यावसायिक खेळाडू करायला दिल्लीला पाठवायचं ठरलं," विशाखा सांगू लागली. "शेवटची लढत तुमची आणि त्यांची. सतरा होल झाले, दोघं बरोबरीत. शेवटच्या ब्राऊनवर तुम्ही सवयीनं त्यांचा चेंडू उचलून पुसलात, खूण ठेवलेली नसताना. समोरच्याचा चेंडू उचलला म्हणजे एक फटका दंड. कुणी पाहिलं नव्हतं, पण त्यांनी पंचांना जाऊन सांगितलं. तुम्ही हरलात, ते दिल्लीला गेले. बरोबर ना? माझा मथळा तयार आहे, 'मित्राची चुगली करून मोठा झालेला खेळाडू परततोय'. तुम्ही हो म्हणालात की छापते."

फक्त मान हलवायची होती. सदतीस वर्षं त्यानं तीच हलवली होती, आणि खरं तर तीही कधी हलवली नव्हती. नुसतं मूग गिळून बसला होता. झाकली मूठ सव्वा लाखाची. त्या मुठीवर तर त्याला माळ्याची नोकरी लागली, मेंबर लोकांनी 'बिचारा रामकिसन' म्हणून दिवाळीला कापड दिलं, कडूबाई आजही पहिला चहा त्यालाच देत होती.

"ताई, ते रेकॉर्ड चालू हाय का?"

"हो."

"मग ऐका. चेंडू मी पुसला, ते खरं. गोकुळचा चेंडू दांडीपासून चार हातांवर होता, काळाकुट्ट. माझा हात कवा गेला मलाच कळलं नाय. जित्याची खोड. पुसून ठेवला तवा गोकुळ माझ्याकडं बघत होता. पंच कर्नल साहेब पाठ करून पाइप पेटवत होते. गोकुळ हळूच म्हणला, 'गप ऱ्हाय रामकिसन, कुणी पाह्यलं नाय.'"

विशाखा लिहायची थांबली.

"मी गप नाय ऱ्हायलो. कर्नल साहेबांना म्हणलं, साहेब, मी त्याचा चेंडू उचलला. मीच सांगितलं. आमच्या वस्तादानं पहिल्या दिवशी शिकवलं होतं, कॅडीनं भूक लपवावी, फटका लपवू नाय. तवा मला वाटलं, मी लई मोठं काम केलं."

"मग चुगलीची गोष्ट कुठून आली?"

"मी हरून शेडमधी आलो तर पोरं जमली. कुणी सांगितलं पंचाला, म्हणत्यात. मीच सांगितलं म्हणलो असतो तर येडा ठरलो असतो. दिल्ली हातातनं घालवणारा येडा. कुणीतरी म्हणलं, गोकुळनंच सांगितलं असंल. मी नाय म्हणलो नाय. एवढंच केलं. खेळात खरं बोललो अन् चहाच्या कपावर खोटा ठरलो."

मग ज्या आठवणीनं त्याला आजवर सुखानं जेवू दिलं नव्हतं, तीही त्यानं सांगितली. वर्षभरानं गोकुळ दिल्लीहून आला, सगळ्यांसाठी नवे चेंडू घेऊन. शेडमध्ये एकानंही त्याला बस म्हटलं नाही. एकानं तर त्याच्या देखत माठ पालथा केला. गोकुळनं सगळ्यांत शेवटी रामकिसनकडं पाहिलं, आता तरी हा काही बोलेल म्हणून. रामकिसन पोत्याची शिवण उसवत बसला होता. गोकुळनं चेंडूंची पिशवी खाली ठेवली आणि निघून गेला. नंतर त्याची आई गेली तेव्हा आला, तो परस्पर स्मशानातून गेला. मैदानाकडं फिरकला नाही.

"हे छापू?" विशाखानं विचारलं. तिचा आवाज उतरला होता.

"छापा."

"तुम्हाला त्रास होईल, काका."

"व्हायलाच पाहिजे." त्यानं ठोकळा जुन्या भोकात नीट बसवला, तळव्यानं दाबला. मग म्हणाला, "अन् चौथी चौकट राह्यली ना. लिहा. गोकुळ शेजूळ, वय अठ्ठावन्न. फटका लांब नाय. गवत उडवतो ते कागदासारखं, आखूड. पण मी त्याचे खेळ फोनवर बघत आलोय, एक सोडला नाय. होलापाशी त्याच्यासारखा थंड माणूस नाय. अन् हे ग्रीन जुन्या ब्राऊनवर घातलंय. वरनं सपाट दिसतं, पण खालचा उतार तसाच हाय, चेंडू दौलताबादकडं ओढतो. बाहेरून आलेल्यांना ते तिसऱ्या दिवशी कळंल. त्याला पहिल्यापास्नं ठाऊक हाय. जिंकंल असं म्हणत नाय. पण बरोबरीत शेवटच्या होलवर आला, तर मी दुसऱ्या कुणावर डाव लावणार नाय."

बुधवारी सकाळी अंक आला. चार चौकटी छापल्या होत्या, आणि चौथीखाली रामकिसनचं सगळं बोलणं, त्याच्याच शब्दांत. अकरापर्यंत मैदानावरच्या प्रत्येकानं ते वाचलं. कॅडींच्या शेडमध्ये तो शिरला तेव्हा चाललेलं बोलणं बंद पडलं. कडूबाईनं चहा दिला, पण सगळ्यांचा देऊन झाल्यावर. कप ठेवताना ती एवढंच म्हणाली, "इतकी वर्षं मला खोटं बोलायला लावलंस व्हय रं." रामकिसननं मान खाली घातली. चहा गार होता, तो त्यानं तसाच प्यायला. गोकुळला माठातलं पाणीही मिळालं नव्हतं, त्यामानानं हे काहीच नव्हतं.

दुपारी सराव फेरी चालू होती. रामकिसन शेवटच्या ग्रीनच्या कडेला फवाऱ्याचं तोंड बदलत बसला होता. बसला होता म्हणजे तिथून हलत नव्हता. ते तोंड बदलून केव्हाच झालं होतं. साडेतीनला उतारावरून एकटाच माणूस चालत आला. केस पांढरे, टोपी मागं सरकवलेली, चाल मात्र तीच, उजवा पाय किंचित बाहेर टाकायची. काल रात्री पाणी दिल्यानं ग्रीनपुढची काळी माती ओली होती. गोकुळचा चेंडू त्या मातीत आपटून वर आला आणि होलापासून चार हातांवर थांबला.

गोकुळ ग्रीनवर आला. चेंडूकडं पाहिलं, मग दौलताबादच्या दिशेला पाहिलं, मग रामकिसनकडं. मागच्या खिशात घडी घातलेलं वर्तमानपत्र होतं. रामकिसनचे डोळे भरून आले. त्याला लाज वाटली, पण त्यानं ते पुसले नाहीत.

"लई उशीर केलास," गोकुळ म्हणाला.

"व्हय."

"माय गेली माझी. तिला शेवटपर्यंत वाटत होतं, पोरानं चुगली केली."

रामकिसन उभा राहिला आणि हात जोडावेत की काय, ते न कळून तसाच उभा राहिला. गोकुळ खाली वाकला, चेंडूवरची माती बोटानं चाचपली आणि सरळ झाला. मग काठीच्या टोकानं चेंडूकडं दाखवलं.

"काळा झालाय," तो म्हणाला. "पूस."

रामकिसनचा हात आपसूक कमरेला गेला. फडकं तिथं होतंच, इतक्या वर्षांत ते सुटलं नव्हतं. तो चार पावलं पुढं आला, गुडघ्यावर बसला, आणि बोटं चेंडूला लागणार एवढ्यात थांबला.

"गोकुळ," तो वर न बघता म्हणाला, "आधी खूण ठेव."