पिशवीला पिशवी

सोनालीचं पत्र येऊन पावसाळा उलटला, तरी पांडुरंग सरांनी उत्तर दिलं नव्हतं. दोनदा त्यांनी कागद पुढ्यात घेतला, 'चि. सोनालीस' एवढं लिहिलं आणि अक्षर बरं येत नाही अशी सबब काढून उठले.

पत्रातली मागणी साधी होती. सुरतच्या गोडादऱ्यातली सोनाली आणि काही कॉलेजची मुलं वस्तीतलं प्लास्टिक कमी करायला निघाली होती. दुकानांतून फिरली, नाला उपसला. नाल्यात निघाली ती साड्यांवर घालायची पारदर्शक कव्हरं, पोतीच्या पोती. हिलालशेठच्या पॅकिंगच्या गोडाऊनच्या मागच्या दाराने ती तिथे पडत. पालिकेला द्यायच्या तक्रारीवर एका तरी वडीलधाऱ्याची सही हवी होती. कुणी करेना. घरोघरच्या बाया शेठकडेच साड्यांच्या घड्या घालायला जात. सोनालीची आई मंगलाबाईसुद्धा. "सर, तुम्ही कुणाच्या कामावर नाही," सोनालीने लिहिलं होतं, "म्हणून तुम्हाला विचारते."

कामावर नव्हते, पण सरांचं मराठी वाचनालय शेठच्या खोलीत बिनभाड्याने चालत होतं. जन्मभर जमवलेली पुस्तकं घेऊन या वयात जायचं कुठे?

मग शेठनेच कार्यक्रम ठेवला. प्लास्टिकमुक्त गोडादरा! मुलांचा सत्कार, घरटी एक कापडी पिशवी, अध्यक्ष पांडुरंग सर. नाही कसं म्हणायचं हे सरांना कधी जमलंच नव्हतं.

वाटपाची पहिली पिशवी हातात आली आणि सर बघतच राहिले. पिशवीची साडीसारखी घडी, आत पुठ्ठा, वर शेठचं नाव छापलेलं चकचकीत कव्हर. दर पिशवीला एक. "पिशव्या पॅक करा," असं शेठने बायांना सांगितलं होतं, आणि त्यांच्या हातांना पॅकिंग म्हणून जे ठाऊक होतं तेच त्यांनी केलं होतं.

सोनालीने पिशवी उलटीसुलटी करून पाहिली. "शेठ, पिशवीला पण पिशवी?"

मागची पोरं खिदळली.

"अगं, माल उठून दिसतो," शेठ म्हणाले. "सुरत आहे ही. इथं उघडा माल कोण घेतो?"

"आणि ही कव्हरं जाणार कुठे? नाल्यातच ना? तुम्ही टाकायची, आम्ही काढायची, आणि वर आमचाच सत्कार?"

"सोनी, खाले बस!" बायांमधून मंगलाबाई ओरडल्या. "लोके दखी राहिनात!"

"दखू दे ना, माय."

शेठ हसत माईककडे वाकले. "गुरुजी, तुम्हीच समजवा. पोर भर मंडपात आईची रोजी घालवायला निघाली."

आवाज अगदी गोड होता. मंगलाबाईंनी पदर तोंडाशी नेला. पोरीचं बरोबर आहे, एवढं तरी बोलावं म्हणून सर माईकपाशी गेले. माईकची दांडी धरली, सोडली. ते तसेच मागे सरले. वाटप सुरू झालं. लोक कव्हर फाडून पायाशीच टाकत होते आणि शेठची माणसं ती झाडून नाल्याकडे लोटत होती.

घरी आल्यावर सर बायकोपुढे उभेच राहिले.

"त्या पोरीला आईच्या भाकरीवरून धमकावलं, प्रमिला! आणि अध्यक्ष कोण? मी!"

"मग माझ्यावर काय ओरडता?" प्रमिलाबाई म्हणाल्या. "त्याच्यावर ओरडायचं होतं."

"माझ्या तोंडाने होत नाही ते."

"हाताने होतं ना? मग बसा."

सर बसले. सोनालीने पत्रासोबत पाठवलेली तक्रार त्यांनी आपल्या अक्षरात पुन्हा लिहून काढली. कव्हरं नाल्यात लोटताना आपण स्वतः पाहिलं, कुठल्याही साहेबासमोर सांगू, असं खाली घातलं आणि ठसठशीत सही केली. मग सोनालीला लिहिलं: 'तक्रार माझ्या एकट्याच्या नावाने द्या. तुमची नावं मी गाळली आहेत. मंगलाबाईंच्या कामाला धक्का लागता कामा नये. माझी खोली जाईल. पुस्तकांसाठी खोकी जमवून ठेवा. उत्तराला फार उशीर केला. तो राग माझ्यावर ठेव, पण नाला सोडू नका.'

सोनालीचं घर दोन गल्ल्यांवर होतं. पण हातात दिलं तर आपण ते परत मागून घेऊ, हे सर ओळखून होते. ते पर्वत पाटियाच्या नाक्यापर्यंत चालत गेले आणि पाकीट टपालपेटीत टाकलं.